स्वर्ग, तिसरा मजला

आमच्या घराण्यात कुत्रा पाळण्याची परंपरा नाही. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या वस्तीवर कुत्री असत. पण ती पाळलेली नसत, नुसतीच असत. भाकरीच्या वेळेला हजेरी लावायची आणि उरलेला दिवस स्वतःच्या जबाबदारीवर काढायचा, असा साधा करार होता. त्यांना नाव नसे, पट्टा नसे, आणि डॉक्टर तर आजोबांनाही नसे, मग कुत्र्यांना कुठला?

तेव्हा पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये कुत्रा आला तो हौसेनं आला नाही, मेहुण्यामार्फत आला. मेहुणा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याला कॅनडाला पाठवायचं ठरवलं आणि त्यानं कुत्र्याला आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. एका रविवारी सकाळी तो टोपली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, फक्त सहा महिने!"

बँकेत सव्वीस वर्षं काढल्यामुळे 'फक्त सहा महिने' म्हणून नेलेल्या गोष्टींचं पुढं काय होतं ते मला पाठ आहे. आम्ही त्याला थकबाकी म्हणतो. पण मेहुण्याला जामीनदार मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

टोपलीतून फूटभर उंचीचं, सहा किलो वजनाचं, पांढरंशुभ्र आणि एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ लावलेलं असं एक प्रकरण बाहेर पडलं. वय वर्षं दोन. जात जॅक रसेल टेरिअर. नाव ऑस्कर. आईनं चष्मा सारखा केला, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर गाण्याच्या रेकॉर्डीवरचा!"

आईचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. भोंग्यापुढं मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा आमच्या पिढीनंही पाहिला आहे. त्याचं नाव निपर. तोही टेरिअरच, त्याच्या वंशावळीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, पण टेरिअरपणाबद्दल नाहीत. चित्रकार फ्रान्सिस बराड याच्या भावाचा तो कुत्रा. भाऊ वारला आणि कुत्रा चित्रकाराकडे आला. म्हणजे तिथंही नातेवाइकाकडूनच! निपर १८९५ साली मेला, चित्र त्यानंतर काढलं गेलं, आणि १८९९ साली ग्रामोफोन कंपनीनं ते विकत घेतलं. तेव्हापासून तो जगभर आपल्या धन्याचा आवाज ऐकत शांत बसलेला आहे.

आईची समजूत अशी झाली, की हाही तसाच बसेल. तिनं त्याच्यासाठी रेडिओ लावला. भास्करनं (ऑस्कर हे नाव आईच्या जिभेवर ठरेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा भास्कर झाला) मान तिरकी केली, क्षणभर ऐकलं, आणि रेडिओच्या मागं उंदीर आहे असं ठरवून भिंत उकरायला सुरुवात केली. त्या चित्राचं खरं रहस्य मला त्या दिवशी कळलं. टेरिअर इतका वेळ शांत बसलेला दाखवायचा असेल, तर तो आधी मेलेलाच असावा लागतो.

नावाचा आणखी एक घोटाळा पुढं झाला. आमच्या सोसायटीच्या चिटणिसांचं नावही भास्करच. "भास्कर, खाली उतर!", "भास्कर, चाटू नकोस!" अशा आरोळ्या जिन्यात घुमायला लागल्यावर चिटणीस आमच्याशी फक्त लेखी बोलू लागले.

पहिल्या महिन्यात भास्करनं एक सोफा, दोन पायपुसणी आणि सौ.ची तुळशीची कुंडी या गोष्टी मुळापासून तपासून पाहिल्या. कुंडीतली माती त्यानं इतक्या मन लावून बाहेर काढली होती, की पुरातत्त्व खात्यानं त्याला नोकरी द्यावी. लिफ्टचा आवाज झाला की भुंकायचं, कुकरची शिट्टी झाली की भुंकायचं, आणि दोन्ही झालं नाही तर 'का झालं नाही' म्हणून भुंकायचं. केसांचं तर विचारू नका. या जातीचे केस आखूड असतात, म्हणून गळत नसतील असा आमचा समज होता. ते वर्षभर गळतात आणि सुईसारखे कापडात रुततात. मी पांढरा बुशशर्ट घालून बँकेत जायला लागलो तो गांधीवाद म्हणून नव्हे.

"या वाईट खोडी आहेत त्याच्या," सौ. म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभा केला, दात पाहिले, कान पाहिले, मागच्या पायांच्या वाट्या चाचपून पाहिल्या. लहान जातीच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष असतो, म्हणे. मग त्यांनी यादी सांगितली आणि मी ती चेकबुकाच्या पाठीवर लिहून घेतली. रेबीजची लस दरवर्षी, चुकवायची नाही. बाकीच्या लसीही वेळेवर, आणि उंदराघुशींमागं जाणारं जनावर म्हणून लेप्टोची विसरायची नाही. जंतांचं औषध ठरावीक मुदतीनं. आठवड्यातून एकदा ब्रश. आंघोळ कमी, रोज आंघोळ हा माणसाचा धर्म आहे, कुत्र्याचा नाही. नखं कापायची, दात घासायचे. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तोंडालाही लावायचं नाही. (आईनं नेमका शिऱ्यातला बेदाणा प्रसाद म्हणून द्यायचं ठरवलं होतं.) एप्रिल-मे महिन्यात उन्हाचं बाहेर काढायचं नाही, तळहाताची पाठ रस्त्यावर टेकवून पाहायची, आपल्याला सोसवलं नाही तर त्याच्या पायालाही सोसत नाही. आणि रोज किमान तासभर पळवायचं. नीट सांभाळलं तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतो.

"ते सगळं करू," मी म्हणालो, "पण त्याच्या खोडीवर औषध काय?"

डॉक्टर म्हणाले, "खोड कुठं आहे? त्याला काम नाहीये."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. ते मला कुत्र्याबद्दल वाटलं नाही.

मी बी.कॉम. माणूस. एखादी गोष्ट समजली नाही तर मागच्या नोंदी काढून पाहायच्या, एवढंच आम्हाला शिकवलेलं. तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर मी भास्करच्या नोंदी काढायला बसलो. टेरिअर हा शब्दच मुळी मातीवरून आला आहे. जमिनीखाली बिळात शिरणारा तो टेरिअर. जॅक रसेल हे नाव ज्याच्यावरून पडलं तो जॉन रसेल हा इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला एक पाद्री. देवाची सेवा आणि कोल्ह्याची शिकार ही दोन्ही खाती तो सांभाळत असे. दुसऱ्या खात्यात उलाढाल जास्त होती. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, एका गवळ्याजवळ त्याला एक पांढरी कुत्री दिसली आणि त्यानं ती तिथल्या तिथं विकत घेतली, असं सांगतात. तिचं नाव ट्रम्प. (साल पुन्हा एकदा वाचावं, म्हणजे गैरसमज होणार नाही.) तिच्यापासून या मंडळींचा वंश सुरू झाला.

आणि हा वंश कसा घडवला पाहा. रंग पांढरा, कारण तपकिरी असला तर मागून येणारे शिकारी कुत्रे त्यालाच कोल्हा समजायचे. छाती एवढीच, की माणसाच्या दोन तळव्यांत मावावी, कारण त्याहून रुंद असली तर तो बिळात अडकायचा. अंगात दम असा, की घोड्यांच्या मागं दिवसभर पळावा. आवाज असा, की जमिनीखालून वर ऐकू यावा. आणि डोकं असं, की काळोख्या बिळात धनी दिसत नसताना, हुकूम ऐकू येत नसताना, पुढं काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. कोल्ह्याला मारायचं नाही, फक्त बाहेर काढायचं.

म्हणजे आम्ही ज्याला हट्टीपणा म्हणत होतो, ती त्याची पात्रता होती. जे भुंकणं चिटणिसांच्या पत्रात 'उपद्रव' होतं, ते त्याच्या सर्व्हिस बुकात 'उत्कृष्ट' होतं. आणि तुळशीची कुंडी हा तर नुसता सरावाचा पेपर.

पुढची नोंद वाचून मात्र मी चष्मा काढून पुसला. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करायला इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून बंदी आली. बिळात टेरिअर सोडायचा तर त्यालाही कडक अटी. बंदी योग्यच होती. कोल्ह्याच्या बाजूनं विचार केला तर उशीरच झाला. पण भास्करच्या खानदानाचं दोनशे वर्षांचं काम एका कायद्यानं संपलं. आणि लंडनच्या केनेल क्लबनं जॅक रसेलला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. म्हणजे नोकरी गेल्यावर अकरा वर्षांनी जातीचा दाखला हातात पडला!

२००५ हे साल माझ्याही लक्षात आहे. त्याच वर्षी आमच्या शाखेतली शेवटची खातेवही बंद झाली.

मी १९९९ साली बँकेत लागलो. आमची सहकारी बँक, शाखा लहान, सगळा कारभार खातेवह्यांवर. महिनाअखेरीला बॅलन्सिंग असे. सगळ्या खात्यांची बेरीज एकीकडे, मुख्य खतावणीतला आकडा दुसरीकडे, आणि दोन्ही जुळले तर घरी जायचं. ते कधी जुळत नसत. मग 'फरक' शोधायचा. ही विद्या कॉलेजात मिळाली नाही, ती हेडक्लार्कांच्या हाताखाली मिळाली. फरकाला नवानं भाग गेला तर समजायचं कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, छत्तीसचे त्रेसष्ट केलेत. फरकाच्या निम्म्याची एखादी नोंद सापडली तर समजायचं जमेची रक्कम नावे पडली. रात्रीचे साडेनऊ झालेले, चहाचे कप वाळलेले, आणि दहा पैशांसाठी चार पदवीधर बाराशे खाती उकरताहेत. दहा पैसे खिशातून घालून मोकळं होता आलं असतं की नाही? पण तसं सुचवणाऱ्याकडे हेडक्लार्क असे पाहत, की त्यापेक्षा निलंबन बरं. आणि फरक सापडला की! एकदा तो माझ्या टोकाला सापडला. मी टेबलावर अशी मूठ आपटली, की दौत सांडली. त्या रात्री मी घरी आलो तो जणू राज्य जिंकून.

मग कॉम्प्युटर आले, एकमेकांना जोडले गेले, आणि फरक पडेनासा झाला. ग्राहकांचं भलं झालं, यात शंका नाही. पगार चालू राहिला, वाढलासुद्धा. पण मी घरी येऊन विजेची बिलं जुळवायला लागलो. वाण्याच्या यादीची बेरीज उलटीकडून करायला लागलो. सौ.च्या पर्समधल्या हिशेबात तीन रुपयांचा फरक आहे असं एकदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ही काय वाईट खोड लागलीये तुम्हाला?"

डॉक्टर त्या वेळी नव्हते.

सहा महिने झाले. कॅनडाहून फोन आला. मेहुण्याचा मुक्काम लांबला होता, बहुधा कायमचाच. "दाजी, तुम्हाला त्रास होत असेल तर देऊन टाका कुणाला तरी. चांगलं घर बघा फक्त."

चांगलं घर! मला लगेच गावाकडचा चुलतभाऊ आठवला. त्याची वस्ती उसाच्या मळ्यात, आणि घुशींनी बांध पोखरलाय म्हणून तो दर फोनवर रडत असतो. एका रविवारी भास्करला जुन्या मारुतीत घालून, चिरंजिवांना शेजारी बसवून आम्ही निघालो. परतीचं ठरवलं नव्हतं. सौ.नं त्याची वाटी डिकीत ठेवली आणि काही न बोलता आत गेली.

वस्तीवर पट्टा सोडला तेव्हा भास्कर दोन मिनिटं नुसता उभा राहिला. नाक जमिनीला. मग तो जो सुटला! बांधाच्या एका बिळापाशी थांबला, मान तिरकी केली (अगदी रेकॉर्डीवरच्यासारखी) आणि दोन्ही पायांनी मातीचा फवारा उडवत आत गेला. शेपटीही दिसेना. जमिनीच्या पोटातून भुंकणं ऐकू येऊ लागलं. चिरंजीव घाबरले. मीही घाबरलो. दहा मिनिटांनी तो उलटा सरकत बाहेर आला, नखशिखान्त चिखल, नाकावर ओरखडा, आणि तोंडात स्वतःच्या डोक्याएवढी घूस. ती त्यानं माझ्या बुटांपाशी ठेवली आणि वर पाहिलं.

तो चेहरा मी ओळखला. रात्री साडेनऊला दौत सांडली होती तेव्हाचा तो चेहरा होता.

"राहू दे की दादा हितं," चुलतभाऊ म्हणाला. "सोनं हाय हे कुत्रं. फकस्त रातच्याला आत घ्यावं लागंल. बिबट्याचं काय सांगता येत नाय. मागल्या साली दोन कुत्री नेली त्यानं, वट्यावरनं."

यात अतिशयोक्ती नव्हती. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबटे आले. आमच्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. कुत्रं हे त्यांना सगळ्यांत सोपं भक्ष्य. सहा किलोचं, पांढरंशुभ्र, काळोखातही उठून दिसणारं आणि जन्मात कधी माघार न घेणारं कुत्रं बिबट्यापुढं काय करील हे मला माहीत होतं. ते भुंकत पुढं जाईल.

मी बांधावर बसलो आणि मला युधिष्ठिर आठवला. आपल्याकडे कुत्रा आणि नीती यांचा प्रश्न निघाला की त्यांच्यावाचून पान हलत नाही. भाऊ गेले, द्रौपदी गेली, कुत्रा तेवढा सोबत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड. धर्मराज म्हणाले, मग मला स्वर्ग नको. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ते फार थोर वाटले होते. आजही वाटतात. पण त्यांचा हिशेब सोपा होता: स्वर्ग त्यांचा होता आणि सोडायचाही त्यांनाच होता. माझी नोंद उलटी पडली होती. स्वर्ग कुत्र्याचा होता. समोर बांधावर माती उडवत होता. आणि तो त्यानं सोडावा असं मला वाटत होतं. कशासाठी? तो सुरक्षित राहावा म्हणून, की संध्याकाळी मी जिना चढून येईन तेव्हा दाराआड कुणीतरी भुंकावं म्हणून? नवानं भाग घालून पाहिला, दोननं घालून पाहिला. फरक काही निघेना.

आणि मग मला वडील आठवले. ते याच वस्तीवर वाढले. एका दुष्काळात जमीन सोडून पुण्याला आले आणि एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी म्हणाले, "कॉमर्सला जा. बँकेत चिकट. वरून छप्पर असेल, महिन्याला पगार असेल, पावसाची वाट बघावी लागणार नाही." तुला काय आवडतं, असं त्यांनी विचारलं नाही. त्या काळी बाप मुलाला तसं विचारत नसत, जसं मी भास्करला विचारत नव्हतो. पंचवीस वर्षं मी त्यांच्याबद्दल मनात एक बारीक अढी धरून होतो. बांधावर बसल्या बसल्या ती सुटली. त्यांनी बिबट्या पाहिलेला होता. मी फक्त छप्पर पाहिलं होतं.

अंधार पडायला लागला. भास्कर दमून आला आणि माझ्या पावलावर बसला. आता ते प्रेम होतं की नुसती बैठक होती, मला सांगता येणार नाही. मी त्याला उचलला आणि गाडीत ठेवला. "पुढच्या महिन्यात आणतो त्याला," चुलतभावाला म्हणालो. "कामावर."

घरी सौ.नं दार उघडलं, चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आंघोळ कमी घालायची हे डॉक्टरांचं म्हणणं त्या रात्री मोडलं.

वडिलांनी निर्णय केला तोच मीही केला, हे मला मान्य आहे. छप्पर दिलं. पण त्यांच्या यादीत एक रकाना रिकामा राहिला होता, तेवढा भरून काढायचं मी ठरवलं. जनावराला घरात आणायचं म्हणजे नुसता दाणापाणी देऊन भागत नाही. ज्या कामासाठी माणसानं त्याचं अंग आणि डोकं असं घडवलं, ते काम काढून घेतल्यावर त्याच्या हुशारीला खोड म्हणायचं, हे बेइमानीचं आहे. त्याला बिनकोल्ह्याचं का होईना, काम दिलं पाहिजे.

सोसायटीच्या गच्चीवर एक फुटकी पाण्याची टाकी पडून होती. चिटणिसांना लेखी अर्ज केला. (विषय: भास्कर यांना उकरण्यासाठी जागा मिळणेबाबत.) त्यांनी तीन आठवडे फाईल दाबून ठेवली आणि एके दिवशी स्वतःच टाकी अर्धी कापून आणून दिली. तिच्यात माती आणि वाळू भरली. रोज सकाळी पावणेसहाला तासभर फिरणं, त्यानंतर टाकीत उत्खनन. संध्याकाळी मी बँकेतून आलो की 'बॅलन्सिंग'. जुन्या टॉवेलांच्या बारा गुंडाळ्या करायच्या, एकीत भाकरीचा तुकडा लपवायचा आणि म्हणायचं, "भास्कर, फरक!" तो नाकानं एकेक खातं तपासत जातो. सापडेपर्यंत घरी जात नाही. भुंकणं निम्म्यावर आलं आहे, सोफा शाबूत आहे. महिन्यातून एक रविवार दिवसाउजेडी वस्तीवर, बांधाच्या कामाला. बिळात गेला की मी बाहेर श्वास धरून उभा असतो. तेवढा धोका मी त्याच्या नावे टाकला आहे. तो योग्य आहे की नाही, याचा ताळेबंद अजून जमलेला नाही.

परवा तुकडा सापडल्यावर त्यानं तो न खाता माझ्या पावलाशी आणून ठेवला आणि वर पाहिलं. शेजारी चिरंजीव अभ्यास करत होते. या वर्षी दहावी. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाबा, मी कॉमर्सला जाऊ का?"

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, वडिलांच्या आवाजात. मी ते गिळलं.

"तुला काय उकरायला आवडतं ते आधी सांग," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "काहीही आवडू दे, माझी तुळस सोडून!"